एकास बहात्तर

‘छंद’ या शब्दावर आपल्या भाषेनें थोडा अन्यायच केला आहे. संस्कृतांत छंद म्हणजे आवड, मनाची ओढ. आणि छंदस् म्हणजे वृत्त, अक्षरांचें आणि मात्रांचें माप. मनाची ओढ आणि काटेकोर माप हीं दोन्ही जवळजवळ एकाच शब्दाच्या छायेंत नांदावींत, हा मला नेहमींच शुभयोग वाटत आला आहे. परंतु मराठी गृहस्थाच्या घरीं या शब्दाची वाट ‘नादीं लागणें’ आणि ‘छंदीफंदी’ अशा गल्लीबोळांतून गेली. मुलाला अमक्याचा छंद लागला आहे, हें वाक्य आई शेजारणीस ज्या स्वरांत सांगते, त्याच स्वरांत त्याला गोवर आल्याचेंहि सांगतां येईल.

हें सारें आठवण्यास कारण झालें तें असें. वयानें आणि व्यासंगानें माझ्याहून वडील असलेले एक स्नेही गेल्या दिवाळींत आमच्या घरीं फराळास आले होते. बसावयाच्या खोलींत कपाटावर मीं स्वतः जुळवून रंगविलेलें एक लहानसें विमान होतें. आणि कोचाच्या कोपऱ्यांत माझ्या मुलीचा कापूस भरलेला मखमली कुत्रा, एक डोळा गमावलेल्या स्थितींत, भिंतीकडे तोंड करून बसला होता. मुलगी आतां एम. ए.च्या वर्गांत आहे. स्नेह्यांनीं विमानाकडे पाहिलें, कुत्र्याकडे पाहिलें, आणि चकलीचा तुकडा मोडीत ते म्हणाले, “बाप आणि लेक, दोघेंहि अजून पाळण्यांतच आहां! इतकीं वर्षें, इतका पैसा. आज बाजारांत याचें काय येईल?” मग त्यांनीं खिशांतून फोन काढला आणि एक बातमी दाखविली. जून २०२५ मध्यें बीजिंग येथील लिलावांत, लाबूबू नांवाच्या दांत विचकणाऱ्या बाहुल्याची १३१ सेंटिमीटर उंचीची एक आकृति १० लाख ८० हजार युआनला विकली गेली होती. “संग्रह करावयाचा तर असा करावा,” ते म्हणाले. आपल्या नातीसाठीं त्यांनींहि बंद पेटींतून मिळणारीं चार खेळणीं आणून कपाटांत कुलूप लावून ठेवलीं आहेत, आणि पेट्या फोडावयाच्या नाहींत अशी तिला ताकीद दिली आहे, हेंहि त्यांनीं कौतुकानें सांगितलें.

फराळाच्या वेळीं पाहुण्याशीं वाद घालूं नये हा शिष्टाचार मीं पाळला. त्यांचें मत त्यांच्या एकट्याचें असतें, तर हा लेखहि लिहिला नसता. परंतु तें आज सुशिक्षित घराघरांतून ऐकूं येणारें मत आहे, आणि त्याचे तीन भाग पडतात. मोठ्या माणसानें खेळणीं बाळगणें हा पोरकटपणा आहे, हा पहिला. त्यांत घातलेला वेळ आणि पैसा व्यर्थ जातो, हा दुसरा. आणि ज्या खेळण्याची किंमत वाढते तें मात्र क्षम्य, किंबहुना प्रशंसनीय आहे, हा तिसरा. यांपैकीं पहिलीं दोन विधानें चुकीचीं आहेत. तिसरें घातक आहे. आणि आश्चर्य हें कीं आपला सारा राग पहिल्या दोहोंवर खर्च होत असून तिसऱ्याचें आपण पाट मांडून स्वागत करीत आहों.

प्रथम पोरकटपणाचा आक्षेप घेऊं. ज्यांना हल्लीं सरसकट सॉफ्ट टॉय म्हणतात त्या मखमली खेळण्यांवर तो त्यांच्या बाल्यापासूनच घेतला गेला आहे. जर्मनींतील गिंगेन या गांवीं मार्गारेटे श्टाइफ नांवाची शिवणकाम करणारी एक बाई होती. लहानपणींच्या पोलिओनें तिचे दोन्ही पाय गेले होते आणि उजवा हातहि धड चालत नसे. १८८० सालीं तिनें नमद्याचे लहान लहान हत्ती शिवले, ते टांचण्या खोंचून ठेवण्यासाठीं. म्हणजे मूळ वस्तु मोठ्या माणसांच्या उपयोगाचीच होती. मुलांनीं टांचण्यांकडे दुर्लक्ष केलें आणि हत्ती उचलला. हत्तीमागून पुढें अस्वल आलें. १९०२ सालीं तिचा पुतण्या रिचर्ड श्टाइफ यानें हातपाय हलणारें अस्वल तयार केलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं मिसिसिपींत शिकारीच्या वेळीं, बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्याचें नाकारलें, त्यावर क्लिफर्ड बेरीमन यानें व्यंगचित्र काढलें, आणि ‘टेडी’ हें अध्यक्षांचें लाडकें नांव अस्वलास कायमचें चिकटलें. पांच वर्षें लोटलीं नाहींत तोंच, १९०७ सालीं, मिशिगनमधील एका धर्मोपदेशकानें या अस्वलाविरुद्ध तोफ डागली. मुली बाहुल्या टाकून अस्वलें कवटाळूं लागल्या, तर त्यांच्यांतील मातृत्वाची भावनाच नष्ट होईल, असें त्याचें म्हणणें. त्या मुली मोठ्या झाल्या, आया झाल्या, आणि त्यांच्या मुलांच्या पाळण्यांतहि अस्वलेंच आलीं.

मऊ वस्तूला बिलगण्याची ही ओढ येते कोठून? अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे हॅरी हार्लो यांनीं १९५८ सालीं आपले प्रसिद्ध प्रयोग जगापुढें मांडले. माकडांचीं पिलें आयांपासून तोडून त्यांना दोन कृत्रिम आयांजवळ ठेवलें होतें. एक आई तारेची, तिच्यापाशीं दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडाची, तिच्यापाशीं कांहींच नाहीं. पिलें दुधापुरतीं तारेकडे जात आणि उरलेला सारा वेळ कापडाला बिलगून राहत. प्रयोग क्रूर होता. परंतु ‘पोटाला मिळालें कीं झालें’ या समजुतीचा त्यानें निकाल लावला. त्याच्या आधींच लंडनचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनीं, १९५१ सालीं वाचलेल्या आणि १९५३ सालीं छापलेल्या निबंधांत, हीच गोष्ट निराळ्या बाजूनें सांगितली होती. मुलाची चिंधी किंवा त्याचें अस्वल ही त्याची पहिली मालमत्ता. ती धड त्याच्या मनांतली नव्हे आणि धड बाहेरच्या जगांतलीहि नव्हे. आई आणि जग यांमधील ओढ्यावर टाकलेली ती फळी आहे असें म्हटलें तरी चालेल. म्हणूनच ती वस्तु बदलणें असेल तर मुलानेंच बदलावी, आणि समजूतदार आई ती मळूं देते, कारण धुतल्यानें मुलाच्या अनुभवाचा धागा तुटतो, असें विनिकॉट यांचें निरीक्षण आहे.

मीं तो निबंध वाचला नव्हता, तेव्हां मीं कुत्रा धुतला. मुलगी सात वर्षांची असेल. ती आजोळीं गेल्याची संधि साधून मीं कुत्र्याची शिवण उसवली, पिवळा पडलेला कापूस काढून नवा भरला, मखमल साबणाच्या पाण्यांत भिजवून चोळली, आणि पुन्हां शिवून तो तिच्या उशीवर ठेवला. माझी अपेक्षा शाबासकीची होती. तिनें त्याला उचललें, नाकाशीं नेलें, आणि “हा तो नाहीं,” एवढेंच म्हणून खालीं ठेवलें. ती रडली नाहीं, हेंच मला लागलें. पुढें कित्येक महिने कुत्रा एकटाच बसून होता. हळूहळू तो मळला, एक डोळा गेला, आणि केव्हां तरी तो पुन्हां तिचा झाला. त्याची किंमत तेव्हां शून्य होती आणि आजहि शून्य आहे. किंमत नसणें आणि मोल नसणें या दोन गोष्टी एक नव्हत, हें मला त्या वेळीं कळलें. पण तें कळण्यासाठीं एका पोरीला उदास व्हावें लागलें.

मोठेपणीं ही फळी फेकून दिलीच पाहिजे, असें कोणत्या शास्त्रांत आहे? ए. ए. मिल्न यांच्या मुलासाठीं १९२१ सालीं घेतलेलें अस्वल आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत कांचेआड ठेवलेलें आहे. १९२६ सालच्या ‘विनी-द-पू’ या पुस्तकाचा नायक तोच. तें झिजलेलें आहे, आणि त्याची झीज हीच त्याची प्रतिष्ठा आहे. इतके दूर तरी कशास जावें? आजीच्या लुगड्यांची गोधडी साठ वर्षांचा गृहस्थ अंगावर ओढून झोंपतो, तेव्हां त्याला कोणी पोरकट म्हणत नाहीं.

आतां व्यर्थतेचा आक्षेप. त्याला उत्तर देणें कपाटावरील विमानाकडे आहे. तें स्पिटफायर जातीचें. खऱ्या विमानाचे पंख टोंकापासून टोंकापर्यंत ३६ फूट १० इंच; माझ्या विमानाचे सहा इंचांहून किंचित् अधिक. कारण त्याचें प्रमाण एकास बहात्तर. सहा फूट उंचीचा वैमानिक येथें एक इंचाचा होतो. हें प्रमाण इंग्लंडांत १९३२ च्या ‘स्कायबर्ड्‌स’ या लांकडी संचांनीं रूढ केलें, आणि १९३६ सालीं निघालेल्या ‘फ्रॉग पेंग्विन’ या प्लास्टिकच्या संचांनीं तेंच उचललें. त्या काळचें प्लास्टिक सेल्युलोज ॲसिटेटचें असे आणि कालांतरानें वांकडें होई. पुढें पॉलिस्टायरिन आलें आणि ती अडचण सरली. एअरफिक्स या इंग्रजी कंपनीनें १९४९ सालीं एका ट्रॅक्टरची प्रतिकृति काढली, ती ट्रॅक्टर विकणाऱ्यांच्या सोयीसाठीं. आणि १९५२ सालीं ‘गोल्डन हाइंड’ या जुन्या जहाजाचा संच वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना मिळूं लागला. जो छंद सुताराचा हात आणि श्रीमंताची फुरसत मागत असे, तो शाळकरी मुलाच्या खाऊच्या पैशांत आला.

उपयोगच विचारावयाचा असेल तर तोहि दाखवितां येतो. १९४२ सालीं अमेरिकेच्या नौदलानें देशभरच्या शाळांतील मुलांकडून शत्रूंच्या व मित्रांच्या विमानांच्या पांच लाख लांकडी प्रतिकृति मागविल्या, त्या याच प्रमाणाच्या. पस्तीस फुटांवर धरलेलें असें विमान सुमारें अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढें दिसतें. पहारेकऱ्यांची नजर त्यावर तयार होत असे. परंतु युद्धाच्या उपयोगाचा दाखला देऊन मला सुटका करून घ्यावयाची नाहीं. या कामाची योग्यता त्याच्या रोजच्या रीतींतच आहे.

संच उघडला म्हणजे हातीं येतात ते चौकटीला देंठांनीं चिकटलेले पन्नाससाठ तुकडे. ते एकेक कापून काढावयाचे, देंठाची खूण कानशीनें आणि पॉलिश पेपरनें घालवावयाची, आणि कांहीं न लावतां आधीं बसवून पाहावयाचे. मग चिकटविण्याचें द्रव्य. हें गोंदासारखें दोहोंच्या मधें बसत नाहीं. तें दोन्ही कडा क्षणभर विरघळवितें, त्या एकमेकींत मिसळतात, द्रव्य उडून जातें, आणि दोन तुकड्यांचा एक होतो. म्हणून चूक झाली तर ती सहजासहजीं उखडून काढतां येत नाहीं. पुढें फटी भरणें, घासणें, अस्तराचा हात देणें, रंगाचे पातळ थर, आणि पाण्यांत भिजवून जागेवर सरकवावयाचीं चिन्हें. जो घाई करील त्याची घाई रंगाखालून वर्षानुवर्षें दिसत राहते. परीक्षकाला फसवितां येतें, पाहुण्याला फसवितां येतें. सांध्याला फसवितां येत नाहीं. ज्यांत मुलाला आपली चूक आपल्याच डोळ्यांनीं दिसते आणि कोणी ओरडण्याची गरज पडत नाहीं, असे विषय आपल्या शिक्षणक्रमांत आतां किती उरले आहेत?

यावर तीन शंका निघतील, आणि त्या टाळूं नयेत. तुकडे कारखान्यांतून तयार येतात, मग यांत कर्तृत्व कोणतें, ही पहिली. सतारीचा भोपळा वादकानें आपल्या परसांत पिकविलेला नसतो. तरी वाजविणें त्याचेंच असतें. हीं बहुतेक युद्धयंत्रें आहेत, ही दुसरी. आणि ती मला खरोखर बोचते. जपानांतील शिझुओका शहरीं टामिया हा कारखाना १९४६ सालीं लांकूड कापण्याच्या धंद्यांत सुरू झाला. १९६० सालीं तो प्लास्टिकच्या संचांकडे वळला तो ‘यामातो’ या युद्धनौकेच्या प्रतिकृतीनें. ती नौका एप्रिल १९४५ मध्यें सुमारें तीन हजार माणसांसह बुडाली होती. जो मुलगा तिचे तुकडे जुळवील त्याला ही संख्या ठाऊक असली पाहिजे. नसेल तर त्याच्या हातीं केवळ तोफांचें कौतुक उरेल. परंतु हा दोष संचाचा नव्हे, तो हातीं देऊन त्याच्याशीं दोन शब्दहि न बोलणाऱ्या आपला आहे. तिसरी शंका प्लास्टिकची. पॉलिस्टायरिन कुजत नाहीं हें खरें. एकदां चहा पिऊन फेकावयाच्या पेल्यापेक्षां त्याची चाळीस वर्षें जपावयाची वस्तु करणें बरें. मात्र हें समर्थन जपणाऱ्याच्या तोंडीं शोभतें, नुसतें साठविणाऱ्याच्या नाहीं.

आणि माझ्या स्नेह्यांना तरी हें सारें अपरिचित कोठें आहे? वाड्याच्या अंगणांत दगडमातीचा सिंहगड रचून त्यावर मोहरी पेरल्याचें, पाण्याच्या टांक्यासाठीं करवंटी पुरल्याचें, आणि शिपाई किल्ल्याच्या मानानें फार मोठा झाला म्हणून थोरल्या भावाशीं भांडल्याचें ते दर दिवाळींत रंगून सांगतात. तें भांडण प्रमाणाचेंच होतें. तो किल्ला पंधरवड्यांत ढासळला. बाजारांत त्याचें काय आलें, हें मात्र त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं.

आतां तिसरें, घातक मत. १९९३ सालीं अमेरिकेंत टाय वॉर्नर यांच्या कंपनीनें ‘बीनी बेबीज’ नांवाचीं, प्लास्टिकच्या बारीक गोळ्या भरलेलीं लहान मखमली खेळणीं काढलीं. किंमत सुमारें पांच डॉलर. मुलाच्या खिशाला झेपावी अशी. पुढें कंपनी एकेक नमुना ‘निवृत्त’ करूं लागली. आज आहे तें उद्यां मिळणार नाहीं, ही वार्ता पसरतांच दुकानांत मोठीं माणसें शिरलीं. खेळण्याला लावलेली बदामाच्या आकाराची कागदी चिठ्ठी दुमडली तर किंमत उतरे, म्हणून त्या चिठ्ठीसाठीं निराळीं प्लास्टिकचीं कवचें विकलीं जाऊं लागलीं. कुत्र्याला कवटाळावयाचें नाहीं, कारण चिठ्ठी चुरगळेल! १९९९ सालीं लास व्हेगास येथील न्यायालयांत घटस्फोट घेणारें एक जोडपें जमिनीवर बसून या खेळण्यांची एकेक करून वांटणी करीत असल्याचें छायाचित्र प्रसिद्ध झालें. त्याच सुमारास बाजार कोसळला, आणि भविष्याची तरतूद म्हणून साठविलेलीं खेळणीं खोक्यांत पडून राहिलीं. त्यांना ना मूल लाभलें ना गिऱ्हाईक.

लाबूबूची कथा त्याच वाटेवरील पुढचा मुक्काम आहे. कासिंग लंग या चित्रकारानें २०१५ सालीं आपल्या चित्रकथांत हें पात्र निर्माण केलें. त्यांत वावगें कांहींच नव्हतें. मागाहून पॉप मार्ट या चिनी कंपनीनें त्याला बंद पेटींत घातलें. आंत कोणता नमुना आहे, हें विकत घेणाऱ्यास पेटी फोडीपर्यंत कळत नाहीं. कांहीं मालिकांत एक ‘गुप्त’ नमुनाहि असतो, आणि तो हातीं लागण्याचा जाहीर केलेला संभव आहे एकास बहात्तर. मे २०२५ मध्यें ब्रिटनमधील दुकानांत गिऱ्हाइकांच्या झटापटी झाल्या, तेव्हां कंपनीनें तेथील दुकानांतली या बाहुल्यांची विक्री थांबविली.

वाचकहो, तोच आंकडा, दोन पेट्यांवर. एका पेटीवर एकास बहात्तर हें माप आहे: कोणीहि फूटपट्टी लावून पाहावें, खोटें ठरलें तर करणाऱ्याची चूक. दुसऱ्या पेटीवर एकास बहात्तर ही आशा आहे: तेथें करणाऱ्याला करावयाचें कांहींच नाहीं, केवळ पुन्हां पैसे द्यावयाचे. आणि ती आशा तरी किती फसवी! बहात्तर पेट्या घेतल्या म्हणजे गुप्त नमुना लाभलाच, असें भोळा मनुष्य समजतो. प्रत्येक पेटीचें नशीब स्वतंत्र धरून हिशेब केला, तर बहात्तर पेट्या फोडणाऱ्या शंभर जणांपैकीं सुमारें छत्तीस जण रिकाम्या हातांनींच परततील. मटक्याचा आंकडा लावणाऱ्याला आपण दारांत उभें करीत नाहीं. तोच आंकडा मखमल पांघरून आला तर आपण त्याला नातीच्या वाढदिवसाची भेट म्हणून घरांत घेतों. आणि जे शहाणे पेटी फोडीत नाहींत, ते मुलीला जुगारापासून वांचवितात असेंहि नाहीं. ते तिला एवढेंच शिकवितात कीं वस्तूचें सुख ती न हाताळण्यांत आहे, आणि आपल्याहून अधिक लोभी असा कोणी तरी उद्यां दारीं येईल, या भरवशावर जगावयाचें असतें.

हा भेद सरकारी सूचींत दिसत नाहीं. आंतरराष्ट्रीय जकातसूचीच्या ९५०३ या एकाच कलमाखालीं बाहुल्या, मखमली खेळणीं आणि प्रमाणबद्ध प्रतिकृति हीं सारीं एकत्र आहेत. भारतांत खेळण्यांवरील आयातजकात २०२० सालीं २० वरून ६० टक्के आणि २०२३ सालीं ७० टक्के झाली, तेव्हां तो भार दोहोंवर सारखाच पडला. जकातदाराला पेटीच्या आंत मेहनत आहे कीं हांव, हें पाहण्याचें कारण नाहीं. तें पाहणें घरच्या वडिलांचें काम आहे.

आणि हें काम सोपें नाहीं, हें मी अनुभवानें सांगतों. त्या संध्याकाळीं पाहुणे गेल्यावर मीं माझें दुसरें, आंतल्या खोलींतलें कपाट उघडलें. पंधरा वर्षांत मीं बारा विमानें पुरीं केलीं असतील. त्या कपाटांत एकतीस संच न उघडलेले आहेत. अमका संच आतां निघणार नाहीं, तमक्याची किंमत चढणार, असें ऐकून ते घेतलेले. स्नेह्यांच्या प्रश्नानें मन डंवचलें होतें. मीं फोनवर त्यांतील एका संचाचा आजचा भाव शोधून काढला. तो घेतला त्याच्या तिपटीवर गेला होता. आणि तो आंकडा पाहून मला आनंद झाला. बारा पुऱ्या झालेल्या विमानांपैकीं एकाकडेहि पाहून त्या दिवशीं मला तसा आनंद झाला नव्हता. ज्या मताविरुद्ध मी फराळाच्या वेळीं मनांतल्या मनांत भाषणें करीत होतों, तें माझ्याच कपाटांत एकतीस खोक्यांचें घर करून बसलें होतें. हा लेख स्नेह्यांवर रागावून लिहिला आहे असें कोणास वाटलें असेल, तर त्यानें तो समज दुरुस्त करून घ्यावा.

संग्रहमात्र वाईट, असें मात्र माझें म्हणणें नाहीं. पुण्यास दिनकर केळकर यांनीं आयुष्यभर हिंडून दिवे, अडकित्ते, भांडीं, बाहुल्या अशा घरगुती वस्तु जमविल्या, आणि बालपणींच निवर्तलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नांवानें तें संग्रहालय उभें राहिलें. तेथील अडकित्त्यानें सुपारी फोडलेली आहे, दिव्याला काजळी लागलेली आहे. वस्तूंचें जगून झालेलें आयुष्य वांचविण्यासाठीं केलेला तो संग्रह आहे. ज्या वस्तूला आयुष्यच लाभूं दिलें नाहीं ती साठविणें हा संग्रह नव्हे. तें कोंडवाडे बांधणें आहे. कोणी शंभर मखमली अस्वलें जमवावींत, त्यांना नांवें द्यावींत, फाटलें तर टांका घालावा, पाहुण्याच्या मुलाला निःशंकपणें हातांत द्यावींत. त्याच्या घरीं मी आनंदानें जाईन. शंभर पेट्या कुलपांत ठेवणाऱ्याच्या घरीं पाहण्यासारखें आहे तरी काय?

तेव्हां सुशिक्षित आईबापांना आणि आजीआजोबांना माझी विनंति एवढीच आहे. घरांत कोणी वेडगळ वाटेल असें कांहीं उराशीं धरून बसला, किंवा रात्रीं उशिरापर्यंत चिमट्यानें राईएवढा तुकडा बसवीत बसला, तर ‘याचें काय येईल?’ हा प्रश्न गिळून टाकावा. तो प्रश्न बंद पेटीला विचारावा, आणि स्वतःला विचारावा. ज्या छंदांत ओढ आहे आणि मापहि आहे तो मुलाला बिघडवीत नाहीं. ज्यांत दोन्ही नाहींत, केवळ भाव आहे, तो मुलाच्या आधीं वडिलांना बिघडवितो.

स्नेह्यांना मीं हा लेख छापण्यापूर्वीं वाचून दाखविला. त्यांनीं कांहीं ठिकाणीं मान हलविली, कांहीं ठिकाणीं ते हंसले. सिंहगडाच्या उल्लेखावर मात्र, भांडण शिपायावरून नव्हे, तोफेवरून झालें होतें, अशी दुरुस्ती सुचविली. नातीच्या चार पेट्यांविषयीं ते कांहीं बोलले नाहींत. मीं माझ्या एकतिसांपैकीं एक संच, तोच तिप्पट भावाचा, त्यांच्यादेखत फोडला. आतां त्याचें बाजारांत कांहीं येणार नाहीं. पंख जोडून झाले आहेत; डाव्या पंखाच्या सांध्यांत बारीक फट राहिली आहे, ती भरावयाची आहे.